अडकलेला घड

बोरोले सरांच्या खोलीत इंटरनेट आलं आणि सरांनी पुस्तकांकडे ढुंकूनही पाहणं सोडलं. १९९९ साली जळगावच्या त्या कॉलेजात प्रत्येक प्रबंधाचं नशीब टेलिफोनच्या त्या एका वायरीला लटकलं होतं.

सरांच्या हाताखाली प्रबंध लिहिणाऱ्या प्रमिलाचा विषय होता केळीचा अडकणारा घड. हिवाळ्यात केळ निसवताना, म्हणजे तिचा घड बाहेर पडताना, तो खोडातच अडकतो, अर्धाच बाहेर येतो, वाकडा होऊन वाया जातो. रावेरकडच्या बागांमध्ये हे कुणालाही विचारा. सरांनी सर्च इंजिनात केळीचे रोग शोधले, परदेशी बागांची रंगीत चित्रं आली, अडकलेला घड काही आला नाही. म्हणजे असं काही नसतंच, असा सरांनी निकाल दिला. सोमवारपर्यंत विषय बदल, टोमॅटोवर सगळं आयतं मिळतं, नाहीतर सही नाही.

प्रमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी वडिलांना, चुडामण आबांना, तिनं हे सांगितलं तर ते हसलेच.

"घड अडकला म्हंजे अडकला. त्याले काय कोनाले इचारा लागते?"

पण प्रबंधाला पुरावा लागतो. शनिवारी ती एसटीनं धुळ्याला गेली. तिथल्या शेती कॉलेजच्या ग्रंथालयात सीडीवरचा डेटाबेस होता. त्यात जगभरातल्या शेतीविषयक लेखांचे सारांश विषयवार लावलेले होते. तिनंही आधी रोगच शोधला आणि हाती भोपळा आला. गावाकडे केळीला काहीही झालं तरी रोगच म्हणतात, ती सवय तिलाही होती. मग तिला आठवलं, थंडी पडली की आबा बागेत धूर करतात. रोगाला कुणी शेकोटी दाखवतं का? विषयांच्या सूचीत तिनं थंडीची इजा काढली, आणि पार ऑस्ट्रेलियातल्या बागांमध्येही घड अडकलेले निघाले. प्रिंटर करकरत होता आणि तिला हसू आवरत नव्हतं.

सोमवारी सरांनी कागद चाळले. यातलं काहीच इंटरनेटवर नाही, समितीपुढे आपली शोभा होईल, विषय बदलच, असं ते म्हणाले.

"सर, इंटरनेटवर नाही म्हणून आमच्या बागेतला घड अडकायचा थांबत नाही," प्रमिला म्हणाली. ती जागची हलली नाही. तिनं एक कोरा कागद पुढे सरकवला. "सही करायची नसेल तर नकार लेखी द्या. कारणही लिहा, इंटरनेटवर सापडलं नाही म्हणून."

सरांनी पेन उघडलं. कोऱ्या कागदावर टेकवलं. ते वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहायला त्यांचा हात काही धजेना.

शेवटी त्यांनी प्रबंधाचा अर्ज ओढला आणि सही केली. प्रमिलानं कागद गोळा केले आणि आभार न मानताच ती बाहेर पडली.