खिळा वाकवायला पलीकडे कोणी नाही

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी कुंपण बोलतोय. कुंपण कसलं, आता सोलापुरातल्या एका परसात बंबासाठी रचून ठेवलेलं सरपण. जळण्याआधी माझी गोष्ट ऐका.

माझ्या एका बाजूला नबीसाब राहायचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दुसऱ्या बाजूला हरिबा, गावाकडची मेंढरं विकून लेकाकडे राहायला आलेले. दोघांच्याही बायका वारलेल्या. दोघांनी मिळून आंब्याच्या फळ्यांचं मला उभं केलं. एकानं अलीकडून खिळा ठोकायचा, दुसऱ्यानं पलीकडून त्याचं टोक वाकवायचं. एकट्यादुकट्याचं ते कामच नव्हतं.

माझी दुखणी थोडी नव्हती. पावसाळ्यात फुगायचो, उन्हाळ्यात तडकायचो, पायाला वाळवी ती वेगळीच. आठवड्याला काहीतरी निघायचंच. मग नबीसाब हाक मारायचे, "हरिबा, हायस का? खिळा वाकीव की." काम घटकाभराचं आणि गप्पा दुपारभर. माझ्या फटीतून तंबाखूची पुडी इकडून तिकडे जायची. मला वाटायचं, दोघं माझीच सेवा करताहेत. वेडाच मी.

पुढे नबीसाबांच्या मुलानं, आवेजनं, वडिलांची दगदग वाचावी म्हणून नवं कुंपण आणलं. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवलेलं. खोटं कशाला बोलू, देखणं होतं. त्याला वाळवी नाही, रंग नको, तेल नको, आणि फट एकही नाही. पंचवीस वर्षं हात लावायला नको, असं दुकानदारानं सांगितलं होतं.

दोघांत भांडण झालं नाही, बरं का. फक्त काम उरलं नाही, आणि काम नसताना हाक मारायला दोघेही संकोचले. घरी जायचं तर सगळ्या गल्लीला वळसा, त्यात दोघांचेही गुडघे धरलेले. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्ष सरलं.

गेल्या महिन्यात हरिबा गेले. आठ दिवस तापानं पडून होते. नबीसाबांना कळलं ते थेट तिरडी बांधताना.

दहावा झाल्यावर हरिबांची सून पूनम नबीसाबांना परसात भेटायला आली. म्हणाली, "मामा रोज इचारायचे, नबीसाबनं हाक मारली का म्हणून."

नबीसाब माझ्या ढिगावरच खाली बसले. म्हणाले, "मला वाटलं, तुमचं बरं चाललं आसंल."

मित्रांनो, नवं कुंपण खुशाल घ्या, ते चांगलंच आहे. पण शेजाऱ्याला हाक मारायला खिळा निघायची वाट बघू नका. काही काम नसलं तरी मारा.