दाराबाहेरचे बूट

वर्कशॉपमध्ये कोणी पायताण घालून आलेलं मला खपत नाही. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात कृत्रिम पाय बनवले, पण माझ्या खोलीत चपलेचा ठसा उमटू दिला नाही. निवृत्तीनंतर घरी बसून आमच्या ह्यांच्या पेपरवाचनाला हुंकार देत राहण्यापेक्षा कुठेतरी हात चालवावेत, म्हणून एका संस्थेकडून तीन महिन्यांसाठी परदेशी गेले. पहिल्याच दिवशी बघते तर काय, लोक चिखलाचे बूट घालून सरळ प्लास्टरच्या टेबलापर्यंत! मी दाराशी लाकडी रॅक मांडला, वर बुटावर फुली मारलेलं चित्र चिकटवलं आणि स्वतः दारात उभी राहिले. आठवड्याभरात सगळे सुतासारखे सरळ. फार अभिमान वाटला होता हो मला त्याचा.

राहायला मी दोघी बहिणींकडे होते, तिसऱ्या मजल्यावर. थोरली घरातच शिलाई करायची. धाकटी पोस्टमनबाई. अठरा वर्षं तिने त्याच चढाच्या गल्ल्यांत टपाल वाटलं होतं, आणि गेल्या वर्षी रिव्हर्स येणाऱ्या एका ट्रकनं तिचा डावा पाय गुडघ्याखाली नेला. तिचा नवा पाय मी बनवला. तिथल्या माझ्या पहिल्या पेशंटांपैकी ती एक.

त्यांची भाषा मला मोडकीतोडकी यायची, पण भांडण्यापुरती पुरेशी. आणि भांडायला कारण रोजचंच होतं. या बायका सकाळी पलंगावरून उतरल्या की जे बूट चढवायच्या ते रात्री झोपतानाच काढायच्या. स्वयंपाकघरातसुद्धा बूट! मी अनवाणी फिरले की थोरली म्हणायची, "बाई, पायांना काहीतरी घाला, मला बघूनच थंडी वाजते." मी नाक मुरडायचे आणि फरशी पुन्हा पुसायचे.

धाकटीचं मात्र काही केल्या जमेना. वर्कशॉपमध्ये दोन दांड्यांच्या मधून ती झकास चालायची, दांडी न धरता वळायची. घरी आली की जिन्यावर अडखळायची, रस्त्यावर उतारावर पडायची. "पाय मला पुढे ढकलतो," म्हणायची. मी म्हणायचे, "पाय कशाला ढकलतोय? तुझ्या मनातली भीती ढकलतेय." आणि तिच्या पोस्टातला साहेब एकेक दिवस मोजत होता. येत्या गुरुवारी त्याच्यासमोर सगळी फेरी पायी करून दाखवायची, नाहीतर कायमचं आतल्या खोलीत पत्रं वेगळी करायच्या टेबलावर बसायचं. त्या खोलीला खिडकीही नव्हती.

सोमवारी संध्याकाळी ती आमच्याच जिन्यावरून सहा पायऱ्या गडगडत खाली आली. कोपर सोललं. थोरली रडायला लागली. माझं डोकं फिरलेलं. मी म्हटलं, "तुला टेबलच हवंय, तसं सांग की सरळ! भित्री कुठली!"

ती भिंतीला धरून उभी राहिली. "तुम्ही अहवालातही हेच लिहिलंत," ती म्हणाली. "साहेबानं वाचून दाखवलं मला. पाय उत्तम, रुग्ण घाबरट, प्रयत्न कमी. उद्या टेबलाच्या कागदावर सही करून येते. सुटाल तुम्ही." आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. तो अहवाल संस्थेपुरता आहे असं मी समजत होते. पण लिहिलं होतं मीच, आणि अगदी ठसक्यात लिहिलं होतं.

मंगळवारी सकाळी माझ्या चपला ओल्या होत्या. माझ्याच फरशी पुसण्याच्या पाण्यात बुडालेल्या. खालून पाव आणायचा होता. थोरली म्हणाली, "माझे बूट घाला, मापाचे होतील." घातले. मनातल्या मनात शिव्या घालत जिन्याशी आले आणि पहिल्याच पायरीवर माझा गुडघा पुढे पळाला. कठडा धरला म्हणून वाचले. पुन्हा एक पायरी उतरले, पुन्हा तेच. मी तिथेच बसले, बूट काढला आणि टाचेला बोटं लावली. चांगली दोन बोटं उंच टाच! धाकटीच्या बुटांचीही अशीच होती.

अगं बाई. अगं बाई गं!

आपल्याकडे माणूस पाय बसवून घेतो तो घरात अनवाणी फिरायला, उकिडवं बसायला, देवासमोर उभं राहायला. तीस वर्षं मी पाय सपाट जमिनीवर उभा करून त्याचा कोन बांधला. इथेही तसाच बांधला, कारण बूट मीच दाराबाहेर ठेवायला लावले होते. धाकटी वर्कशॉपमध्ये अनवाणी चालायची आणि बाहेर पडताना बूट घालायची. टाच दोन बोटं वर गेली की तो अख्खा पाय पुढे कलणार, गुडघ्याला ढकलणार. सांगत होती बिचारी, शब्दन् शब्द खरं सांगत होती. दोन महिने मी त्या बुटांना नावं ठेवली, एकदा टाच मोजली नाही. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

वर धावत गेले. ती कोट घालून निघालीच होती.

"सही करू नकोस," मी म्हटलं. "पाय चुकलाय. मी चुकवलाय. तू घाबरट नाहीस."

तिला आधी कळेना. मी टाच दाखवली, फुटपट्टी लावून दाखवली. कळलं तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं. तिने बूट हातात घेतला आणि भिंतीवर असा आपटला की थोरलीच्या हातातली कात्री पडली.

"दोन महिने!" ती ओरडली. "दोन महिने मी रोज रात्री स्वतःलाच शिव्या देत होते!"

मी ऐकून घेतलं. दुसरं काय करणार? तिचं ओरडणं संपल्यावर म्हटलं, "झालं? आता बूट घाल आणि वर्कशॉपला चल. दोन दिवस आहेत."

रॅक मांडल्यापासून त्या दिवशी माझ्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा कोणी बूट घालून आत आलं. घोट्याचे बोल्ट सैल केले, कोन मागे घेतला, तिला चालवलं, पुन्हा सैल केले. पाच वेळा. सहाव्यांदा ती दांड्यांच्या बाहेर पडली, दारातून रस्त्यावर गेली आणि उतारावरून खाली जाऊन परत आली. गाल लाल झाले होते.

बुधवारी मी पोस्टात गेले. साहेब फाईल उघडून म्हणाला, "तुमचाच अहवाल आहे हा."

"तो खोटा आहे. नवा लिहून आणलाय."

रात्रभर शब्दकोश घेऊन लिहिला होता. 'पाय चुकीचा बसवला होता. चूक तंत्रज्ञाची. रुग्णाने चुकीच्या पायावर दोन महिने सराव केला.' साहेबाने चष्मा काढला. "याची प्रत तुमच्या संस्थेला जाईल. पुन्हा नाही बोलावणार ते तुम्हाला."

"नाही बोलावलं तर नाही. शिक्का मारा."

गुरुवारी फेरी झाली. साहेब घड्याळ घेऊन पुढे, धाकटी खांद्याला पिशवी लावून, मी मागे. चढ, उतार, तीनशेच्या वर पायऱ्या. एका ओल्या पायरीवर ती घसरली. माझा हात आपोआप पुढे गेला. तिने असं बघितलं की तो तसाच मागे आला. कठड्याला धरून तिने तोल सावरला आणि पुढचं पत्र टाकलं. शेवटच्या दारापाशी साहेब म्हणाला, "सोमवारपासून या." ती "बरं" म्हणाली, आणि घरी येऊन बहिणीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मीही रडले, लपवून नाही.

शनिवारचं माझं परतीचं तिकीट होतं. शुक्रवारी सकाळी मी ह्यांना फोन केला. "अहो, मी एवढ्यात येत नाही."

"का? काय झालं?"

"धाकटीच्या पायासारखेच चुकीचे आणखी अकरा पाय बसवलेत मी इथे. सगळे म्हणत होते, पाय ढकलतो. सगळ्यांना मी म्हटलं, सवय होईल. सहा जणांनी तर येणंच सोडलंय."

हे म्हणाले, "गॅसचा नंबर कुठल्या वहीत आहे तेवढं सांग, आणि सगळे करूनच ये."

मी रजिस्टरमधले पत्ते कागदावर उतरवत होते. एक वाचता येत होता तर दुसऱ्यातली गल्ली कळत नव्हती. धाकटी मागून आली, कागद माझ्या हातातून घेतला, खालीवर नजर फिरवली आणि पेन्सिलीने एक ते अकरा आकडे घातले.

"हा क्रम," ती म्हणाली. "सोमवारच्या आत जेवढे होतील तेवढे. उचला तुमची हत्यारं."

पहिलं घर चौथ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. ती न थांबता चढली. मी दोनदा दम खायला थांबले. तिने दार वाजवलं. आतून कोणीतरी कुबडी टेकत आलं, विचारलं, "कोण आहे?"

"पोस्ट," ती म्हणाली. "बूट घालून बाहेर या. या बाईंना तुमची माफी मागायचीय."