आमच्या पश्चात मुकुल

गंगाधरपंत बापटांनी मृत्युपत्र एकदा नव्हे, चार वेळा लिहिलं होतं. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून उभा जन्म काढलेला माणूस, कागद पक्का झाल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन कुठली! सांगलीचा फ्लॅट आणि ठेवी मुलगी ज्ञानदाच्या नावे, आणि तिने धाकट्या मुकुलला शेवटपर्यंत सांभाळायचं. मुकुल अडतीस वर्षांचा, समज मात्र पाच-सहा वर्षांच्या पोराची. आपल्यामागे याचं कसं होणार, या एका काळजीने गंगाधरपंतांना वीस वर्षं पोखरलं होतं.

आता पालकत्वाच्या अर्जावर ज्ञानदाची सही तेवढी राहिली होती. आणि हो, तिला विचारायचंही राहिलंच होतं. सख्खी बहीण, तिला काय विचारायचं, असं पंत धरूनच चालले होते.

रविवारी ती वाईहून आली. जेवणं उरकल्यावर पंतांनी फाइल पुढे सरकवली, पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं. ज्ञानदाने सगळं नीट वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"बाबा, मी सही करणार नाही."

तिची आई विनोदिनीबाई ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पंतांचा पारा चढला.

"घर देतोय, ठेवी देतोय. आणखी काय हवं तुला?"

"मला घर नको. ते मुकुलसाठीच राखून ठेवा. मला मुकुल हवाय. पण तुमच्या पश्चात नको, आत्ता हवाय."

"आत्ता? अगं, आम्ही धडधाकट आहोत की!"

"म्हणूनच. तुमच्यामागे त्याला माझ्याकडे आणतील तेव्हा आई नसेल, तुम्ही नसाल, हे घर नसेल. एका दिवसात सगळं जाईल त्याचं. गेल्या वर्षी वाईला दोन दिवस राहिला, तर आईसाठी रडून ताप आला त्याला. आत्ता रडला तर तुम्ही भेटायला याल. हळूहळू माझं घर त्याचं होईल. मग करते सही."

"तर मग आम्हीही येतो वाईला," विनोदिनीबाई घाईने म्हणाल्या.

"तू असलीस की तो तुझ्याच हातचं खाणार, आई. माझ्या हातचं कधी खाणार?"

पंत चिडले, फाइल घेऊन आतल्या खोलीत गेले. पोरीचं खरं होतं, आणि तेच त्यांना सोसवेना. मुकुलचं आपल्यावाचून अडेल, असं ते जन्मभर सांगत आले होते. आपलं त्याच्यावाचून किती अडेल, ते कुठल्याच मसुद्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुकुलला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, गालांना फेस लावला. मग ज्ञानदाला हाक मारून दाढीचं रेझर तिच्या हातात दिलं.

"गालापासून सुरू कर. हनुवटी धरलेली त्याला आवडत नाही."

एवढं बोलून ते गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं.

"बाबा?" आतून मुकुलची हाक आली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "बाबा!"

गंगाधरपंतांनी कठडा घट्ट धरला. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ओ दिली नाही.