शेवटची काही मिनिटं

बालेवाडीच्या फुटबॉल मैदानावर गोव्याविरुद्ध पुण्याच्या मुली एक-शून्यने पुढे होत्या. हा प्ले-ऑफ जिंकला तर पुढच्या मोसमात देशाच्या पहिल्या श्रेणीत खेळायला मिळणार होतं. बरोबरी झाली तर मात्र गुणतक्त्यात पुढे असलेल्या गोव्याच्या संघाला ती जागा मिळणार होती. म्हणजे एकही गोल खाऊन चालणार नव्हतं.

दुसऱ्या हाफमध्ये एका कॉर्नरवर गोलकीपर आम्रपालीने उडी मारून चेंडू पकडला आणि समोरून येणाऱ्या खेळाडूचा गुडघा तिच्या कानामागे बसला. फिजिओ धावत आली. तिने बोटं दाखवली, नाव विचारलं. आम्रपालीने सगळं बरोबर सांगितलं, वर म्हणाली, "बरी आहे मी. वेळ घालवू नका."

खेळ सुरू झाला. बचावफळीत खेळणारी कल्याणी तिच्या सगळ्यात जवळ होती. गोल किक घ्यायला चेंडू ठेवताना आम्रपालीने तिला विचारलं, "हाफटाइमला किती वेळ आहे गं?"

कल्याणीला वाटलं, गंमत करतेय. "दुसरा हाफ चाललाय, ताई."

"हो, हो."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. "हाफटाइम कधी आहे?" या वेळी कल्याणीने तिच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. नजर चेंडूवर नव्हती, कशावरच नव्हती.

"ताई, तू बाहेर जा."

आम्रपालीने तिचा दंड घट्ट धरला. "कुणाला सांगायचं नाही. थोडंच राहिलंय. ही माझी शेवटची संधी आहे, कळतंय का तुला?"

कल्याणीला सगळंच कळत होतं. आम्रपाली एकोणतीस वर्षांची होती, याआधी दोनदा प्ले-ऑफ हरली होती. राखीव गोलकीपर तापाने घरी पडून होती आणि खेळाडू बदलण्याची मुभाही वापरून संपली होती. आम्रपाली बाहेर गेली तर संघ दहा जणींचा होणार आणि बचावातल्याच कुणाला तरी गोलमध्ये उभं राहावं लागणार. तेवढ्यात गोव्याची फॉरवर्ड पुन्हा आत घुसली. चेंडू बाहेर गेला, पण आम्रपाली खांबाला धरून उभी होती.

कल्याणी पंचांकडे धावली. "मॅडम, खेळ थांबवा. आमच्या गोलकीपरला कितवा हाफ चाललाय तेही आठवत नाहीये."

कोच तनुजा मॅडम रेषेवरून ओरडल्या, "काय झालं?" कल्याणीने सांगितलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, "आणा तिला बाहेर."

स्ट्रेचरवरून जाताना आम्रपालीने कल्याणीकडे पाहिलंसुद्धा नाही.

संघात सगळ्यात उंच कल्याणीच होती. हातमोजे घालून ती गोलमध्ये उभी राहिली तेव्हा स्टँडमधून एक काका म्हणाले, "वा! आता आम्हालाही घ्या की, रिकामेच बसलोय."

तिने एक चेंडू पायाने अडवला. एक अंगावर आदळून बाहेर गेला. पंचांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि त्याच वेळी लांबून एक साधा, सरपटता फटका आला. तो कल्याणीच्या हातांखालून आत गेला. मागे जाळी हलल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. एक-एक. गोव्याच्या मुली एकमेकींच्या अंगावर कोसळत नाचू लागल्या.

कपडे न बदलताच कल्याणी हॉस्पिटलला गेली. आम्रपालीचे वडील विश्रांतवाडीहून आले होते. मेंदूला सूज होती, डोक्याला अजून एक मार बसला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं.

"जिंकलो ना?" आम्रपालीने विचारलं.

"नाही, ताई. बरोबरी झाली. मी गोल खाल्ला."

"तू? मी कुठे होते?"

कल्याणीने सांगितलं. आम्रपाली चिडली, रडली, नर्सने तिला शांत केलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि पुन्हा विचारलं, "जिंकलो ना?"

पुन्हा सगळं सांगावं लागलं. पुन्हा तेच रडणं. तिसऱ्या वेळी वडील कल्याणीला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हो म्हण ना, बाळा. आज तिच्या कुठे लक्षात राहणार आहे?"

"उद्या राहील, काका," कल्याणी म्हणाली आणि खाटेजवळ जाऊन पुन्हा खरं तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्रपालीला सगळं लक्षात राहू लागलं. तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "तू जा. मला तुझ्याशी बोलायचं नाही."

कल्याणी गेली नाही. स्टुलावर बसून राहिली. दुपारी जेवणाचं ताट येऊन तसंच परत गेलं. बऱ्याच वेळाने भिंतीकडूनच प्रश्न आला, "गोल कसा झाला?"

कल्याणीने हात पुढे करून चेंडू कसा आला, ती कशी वाकली, ते दाखवायला सुरुवात केली. आम्रपाली कुशीवर वळली आणि तिच्याकडे बघत राहिली.

"आधी पाय हलवायचे असतात," ती म्हणाली. "हात नंतर. ऊठ, पुन्हा दाखव."