दमलेल्या हाताचं पिस्तूल

बँकांची रोकड पोचवणाऱ्या कंपनीत ती सगळ्यांत जुनी गार्ड. हाताखालचे गार्ड तिला ताई म्हणत आणि त्यांचं ऐकून साहेबही ताईच म्हणायला लागले होते. जुनी पिस्तुलं झिजली, नवी घ्यायची ठरली, तेव्हा साहेबांनी ते लोढणं तिच्याच गळ्यात अडकवलं.

"तुम्ही एक निवडा ताई, मी डोळे झाकून सही करतो."

उद्या काही बरंवाईट झालं तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, हे न कळायला ती काही दुधखुळी नव्हती. पण वाद घालायलाही अंगात त्राण लागतं. लागोपाठ दोन पाळ्या करून ती तशीच नेमबाजीच्या मैदानावर गेली.

तिथल्या मास्तरांनी टेबलावर तीन पिस्तुलं मांडून ठेवली होती.

"या पहिल्याचा घोडा चढवूनच ठेवतात आणि वरून सुरक्षेचा खटका लावतात. खटका खाली केला की ट्रिगरला नुसतं बोट लावा, गोळी सुटलीच."

तिनं पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं एका बशीत मावतील इतकी जवळ. मास्तरांनी भुवया उंचावल्या.

"हे दुसरं. याला बाहेर घोडाच नाही. दर गोळीला ट्रिगरची सारखीच ओढ, फार जड नाही, फार हलकी नाही. वेगळा खटका नाही. शिकवायला सोपं, हल्ली बहुतेक जण हेच नेतात."

त्याही गोळ्या बऱ्या लागल्या.

तिसऱ्यानं मात्र घाम काढला. त्याची पहिली ओढ लांबलचक आणि जड. बोटाच्या जोरावर आधी घोडा मागे न्यायचा, मग तो सुटणार. त्यापुढच्या गोळ्यांची ओढ हलकी. काम झालं की बाजूचा दांडा दाबून घोडा अलगद उतरवायचा. ताईची पहिली गोळी कागदाचा खालचा कोपरा फाडून गेली.

"याची पहिली गोळी देवाच्या नावानं सोडायची," मास्तर हसले.

ताई बाकावर टेकली. "मास्तर, माणूस दमलेला असला तर यातलं कुठलं बरं?"

"दमलेल्या माणसानं पिस्तूल हातात धरूच नये."

"मग आमच्या कंपनीला कुलूपच लावा."

घरी नवरा आपल्या अंथरुणाला खिळलेल्या आईला भात भरवत होता. ताईचा चेहरा बघून म्हणाला, "पिस्तूल निवडते आहेस की जावई?"

"जावई परवडला असता. तो निदान चुकला तर त्याला बोलता तरी येतं."

ती आडवी झाली, पण डोळ्याला डोळा लागेना. मनात येत होता लंबू. गार्डांमधला सगळ्यांत उंच आणि कामाला वाघ, पण व्हॅनमध्ये बसल्या बसल्या पेंगायचा. त्याला हलवून उठवलं की हात थेट कमरेला जायचा. आधी हात जागा होणार, मग डोळे आणि अक्कल सगळ्यांत शेवटी. एकट्या लंबूचं नव्हे, सगळ्यांचंच तसं झालं होतं. तिचंसुद्धा.

सकाळी तिनं तिसरं सांगून टाकलं.

गार्ड कुरकुरले. लंबू तर तोंडावर बोलला, "ताई, माझी ओढ पुरी होईपर्यंत चोर काय हाताची घडी घालून उभा राहणार आहे?"

त्याचं काही चूक नव्हतं. रिकामं पिस्तूल भिंतीकडे रोखून ती सगळ्यांकडून रोज ती पहिली ओढ घोटून घेऊ लागली. बोटांना घट्टे पडले. तिला मागून शिव्याही पडत असणार.

मग एका दुपारी व्हॅन लवकर परतली. लंबू ऑफिसच्या जिन्यात मटकन बसला. त्याच्या ओठांवरचा रंग उडाला होता.

"बँकेच्या दारात मागून कुणीतरी ओरडत धावत आला. हातात काहीतरी काळं. मी वळलो, पिस्तूल काढलं, ओढायला लागलो. घोडा मागे जाताना मला दिसला, ताई. अर्धा गेला होता. तेवढ्यात त्याचं तोंड दिसलं. बँकेतला शिपाई होता. मी काउंटरवर विसरलेला माझाच फोन घेऊन आला होता बिचारा."

ताई त्याच्या शेजारी बसली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामानं चिंब होता. धावत आलेला माणूस खरंच चोर असता, तर आज या जिन्यात लंबू बसलेला नसता, हे तिला कळत होतं. ते तिनं गिळलं.

वरून साहेब आले. "बघा ताई, तुमची निवड कशी नेमकी ठरली!"

"निवडीचं राहू द्या साहेब. या पोरांच्या डबल पाळ्या आधी बंद करा."

"अहो, माणसं कुठून आणू मी?" म्हणत साहेब वाजणारा फोन कानाला लावून निघून गेले.

"ताई, मला आजचा दिवस सोडा," लंबू म्हणाला. "आज पुन्हा नाही जमायचं."

"जा. घरी जाऊन झोप. फोन कुणाकडे आहे?"

"शिपायाकडेच राहिला. मागायचं तोंड नव्हतं."

तिनं घरी कळवलं की आज उशीर होईल. नवरा म्हणाला, "बरं. आईचं मी बघतो. तू काही खाल्लंस का?"

"खाल्लं," ती खोटंच बोलली.

व्हॅन उभीच होती. ती लंबूच्या जागेवर चढून बसली. त्यानं सीट आपल्या लांब पायांच्या हिशेबानं मागे सरकवून ठेवली होती. तिचे पाय पुढे टेकेनात. सीट पुढे ओढायला खाली वाकावं लागणार होतं. ती तशीच बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चल."