आग्रहाचं कुंकू

पंचवटीतल्या समुपदेशन केंद्रात बायकांना माहेरी आल्यासारखं वाटावं, म्हणून तिथल्या समुपदेशक मृण्मयीने यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. कल्पना तिचीच, त्यामुळे थोडा तोराही होता.

हर्षाली चांदवडहून दवाखान्याचं निमित्त सांगून यायची. नवऱ्याचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघायची. त्या दिवशी पदर पार कपाळापर्यंत ओढून कोपऱ्यात बसली होती. मृण्मयी करंडा घेऊन समोर आली, तशी ती हळूच म्हणाली, "नको, ताई."

आता हळदीकुंकवात 'नको' कोण मनावर घेतं? पाहुणीने नको म्हणायचं आणि आपण वाढायचं, हीच आपली रीत. "अगं, लाजतेस काय," मृण्मयी हसून म्हणाली.

"नको ना."

तोवर मृण्मयीने बोटाने पदर मागे सारलाही होता. आत केस कात्रीने कसेही भादरलेले. हर्षालीने पदर ओढला आणि चपला हातात घेऊनच जिना उतरली.

मृण्मयीला स्वतःची लाज वाटली. 'विचारल्याशिवाय बाईच्या अंगाला हात लावायचा नाही,' असं ती अंगणवाडीच्या ताईंना घसा कोरडा होईस्तोवर शिकवायची. आणि स्वतः दोन नकार हसण्यावारी नेले. फोन करावा, तर तो नवऱ्याच्या हातात पडायचा. ही पोरगी आता परत आली नाही तर तिला दुसरं दार नाही, आणि होतं ते आपणच लावलं, हे तिला कळत होतं.

पुढच्या आठवड्यात हर्षाली आली. दाराशीच उभी राहिली.

"माझं चुकलं," मृण्मयी म्हणाली. "तू नको म्हणालीस आणि मी ऐकलं नाही."

हर्षाली आत आली. दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर टेकली.

"चहा घेतेस?"

"नको."

'अर्धा कप तरी' अगदी जिभेवर आलं होतं. मृण्मयीने ते गिळलं आणि थर्मास बाजूला ठेवला. हर्षाली बराच वेळ त्या थर्मासकडे बघत राहिली. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

"म्या नको म्हनलं की ते बी असंच म्हनत्यात, ताई," ती खाली बघत म्हणाली. "लाजती काय म्हनून. त्या राती म्या लयच नको नको केलं, तवा त्यांनी कातर घेतली."

मृण्मयीला तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. तरी तिने मान वर केली आणि ऐकत राहिली.