शरणप्पांचं तीर्थ

दुष्काळ सरला त्याच साली शरणप्पांचा सूत रंगवायचा कारखाना अक्कलकोट रोडला सुरू झाला आणि गौरम्माच्या विहिरीचं पाणी लाल झालं. शरणप्पांना यातली पहिलीच गोष्ट दिसत होती. चादरी परदेशात चालल्यात, सोलापूर पुढं चाललंय, हे ते मयताच्या घरीसुद्धा सांगत. विहिरीकडे येणारं कारखान्याचं गटार वळवा म्हणून गौरम्मा कितीदा तरी गेली. दरवेळी त्यांनी चहा पाजला आणि तेच ऐकवलं, "अक्का, रंगानं पानी खराब होत न्हाय. प्या की निवांत." त्यांच्या घरात नळ होता, त्यांचं काय जातंय! इकडे गौरम्माची पोटुशी सून लांबून घागरी वाहत होती आणि म्हातारीचा जीव तुटत होता.

श्रावणात मठाचे स्वामी शरणप्पांकडे पादपूजेला आले. स्वामींचे पाय धुतलेलं पाणी तीर्थ म्हणून आधी यजमानाने प्यायचं, आणि ते पाणी गौरम्माच्याच विहिरीचं, ही वाडवडिलांपासूनची रीत. कारखान्याच्या नादात शरणप्पा ती विसरले. त्यांची आई विसरली नाही. तिने निरोप धाडला. गौरम्माने ओल्या लुगड्यानिशी घागर नेऊन ठेवली.

स्वामींचे पाय धुतले आणि चांदीचं ताट लाल झालं. शरणप्पांनी वाटी ओठांपर्यंत नेली आणि हळूच डोक्यावर ओतून घेतली. पांढऱ्या सदऱ्यावर ओघळ उतरले.

"डोक्यावर कशाला, आण्णा?" गौरम्मा म्हणाली. "प्या की निवांत."

शरणप्पांनी पित्ताचं निमित्त सांगितलं. एवढा मोठा कारखानदार, वाटीभर पाण्याला भ्याला! गौरम्माला त्यांची किळस आली.

आठवडाभरात गटार वळलं. गौरम्माने हरखून विहीर उपसून घेतली. मग एका सकाळी बुद्धविहारामागच्या वस्तीतली भीमाबाई रिकामी घागर घेऊन दारात आली. आता तिच्या आडाचं पाणी लाल झालं होतं. त्या वस्तीत कुणा स्वामींची पादपूजा होत नाही, हे शरणप्पांनी बरोबर हेरलं होतं. तक्रार घेऊन गेलेल्या भीमाबाईला त्यांनी चहासुद्धा विचारला नव्हता.

गौरम्माच्या अंगाची लाहीलाही झाली. "फुडच्या श्रावणात पूजेची घागर तूच भर," ती म्हणाली. "बघू, तवा त्यास्नी पानी चालतंय का."

भीमाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "कुनाचं पाय धुवायला म्या पानी भरनार न्हाय, अक्का. घरात लेकरं तान्हेली हायत."

गौरम्मा खजील झाली. तिने पोहरा भीमाबाईच्या हातात दिला आणि बाजूला सरली.